दिवंगत पैलवान

दादाचा डावा हात कडबाकुट्टीत गेला तेव्हा मी त्याला वैरणीच्या पेंढ्या उचलून देत होते. आधी मशीनचा आवाज बदलला. मग हिरव्या कुट्टीबरोबर रक्त उडालं, माझ्या तोंडावर, भिंतीवर, दावणीतल्या गाईच्या पाठीवर. कोपराखाली चार बोटं मावतील एवढाच हात उरला.

कुस्तीचा नाद मात्र हाताबरोबर गेला नाही. जखम भरल्यावर तो पुन्हा तालमीत जायला लागला. लढायचा तो दोन हातांच्या पैलवानांशीच, कारण आमच्याकडे दुसरे पैलवान होतेच कुठे! यात्रेच्या आखाड्यात समोरचा गडी पहिल्यांदा त्याच्या थोट्या हातावरच गुडघा रोवायचा. कातडी फाटायची, तांबड्या मातीत काळपट डाग पडायचे. दादाही काही कमी नव्हता. तोच थोटा कोपर तो समोरच्याच्या मानेत असा रुतवायचा, की गड्याच्या तोंडाला फेस यायचा. एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हाचा ‘कट्’ आवाज बायकांच्या बाजूला ट्रॉलीत बसलेल्या मलाही ऐकू आला होता.

सगळे त्याला थोट्या म्हणत. पंचसुद्धा भोंग्यावरून विचारायचे, थोट्याला जोड कोण हाय? मला त्या शब्दाची चीड होती. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती आहे. कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ओतूरच्या कॉलेजात मी ‘दिव्यांग’ हा शब्द ऐकला आणि घरी येऊन आईला शिकवला. आईच्या जिभेला तो वळला नाही. ती ‘दिवंगत’ म्हणायची. पाहुण्यांना अभिमानानं सांगायची, आमचं थोरलं दिवंगत हाय, पर कुस्ती लई भारी खेळतं. पाहुणे दचकून दादाकडे बघायचे आणि दादा पोट धरून हसायचा.

मग कुणीतरी मोबाईलवर काढलेली त्याची एक कुस्ती सगळीकडे फिरली. दुधाच्या पिशव्या विकणाऱ्या एका कंपनीची माणसं घरी आली. त्यांनी दादाला अंगभर तेल लावून उभं केलं, फोटो काढले, आणि ओतूरच्या स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला. थोटा हात पुढे, आणि खाली ‘हात एक, ताकद दुप्पट’. मोबाईलवरही जाहिरात यायची, मागे सनई लावलेली.

त्यानंतर लोक बदलले, हे मला मान्यच करावं लागेल. एसटीत उठून जागा द्यायला लागले. बाजारात थोट्याचा ‘पैलवानसाहेब’ झाला. पायानं अधू असलेल्या मुलीला घेऊन एक बाई थेट घोडेगावहून आली. हिला पळायचंय, म्हणाली, आणि फ्लेक्स बघितल्यापासून हिचा बाप आता नाही म्हणत नाही. ते ऐकून मला रडू आलं. जाहिरातीनं वाईट केलं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

पण आखाड्यात काहीतरी बिघडलं. दादाच्या थोट्या हाताला कुणी हात लावेना. चांगले दांडगे गडी एका झटक्यात पाठीवर पडायला लागले. लोक शिट्ट्या मारायचे, मोबाईल वर करायचे. दादाला आधी वाटलं, आपला डाव सुधारला. एका यात्रेहून मात्र तो आला तो सरळ गोठ्यात गेला आणि भिंतीवर बुक्क्या मारत राहिला. बोटांच्या गाठी फुटून भिंतीला रक्त लागलं. मी त्याचा हात धरला, तेव्हा थांबला.

“आई म्हनती तेच खरं,” तो म्हणाला. “ह्यांनी मला दिवंगत केलं. मेलेल्या मानसाला कोन पाडतं?”

यंदा आंबेगाव तालुक्यातल्या एका यात्रेत त्याला अवसरीकडचा पैलवान जोड म्हणून मिळाला. त्यानं पूर्वी दादाचं नाक फोडलं होतं. जाताना पिकअपमध्ये दादा खुशीत होता. हा तरी मारील, एवढंच म्हणाला.

सलामी झाली, हलगी घुमली. त्या गड्यानं दादाची कंबर सैल धरली, जरा झुलला आणि आपणहून उताणा झाला. लोक नाचायला लागले. पंचांनी दादाचा हात वर केला. दादानं तो हिसकावून घेतला.

“ऊठ. पुन्हा धर.”

तो गडी माती झाडत हसला. “राव, तुमी जिकला. सोडा की आता.”

“तू पडलास. मी पाडला न्हाई.”

“मग काय करू? तुमच्या हातावर गुडघा टाकला तर समदे मोबाईलवर दावतील. गावात ऱ्हाऊ देतील का मला?”

दादानं त्याच्या कानाखाली वाजवली. मग मुठीनं तोंडावर. त्याचा ओठ फाटून रक्त हनुवटीवरून छातीवर आलं. माणसं उठली, आणि गर्दीतून एक चप्पल आली. ती दादाला नव्हे, मार खाणाऱ्यालाच लागली. दुसरी आली, तीही त्यालाच. त्यानं चपलेकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि रक्त थुंकलं.

“ये मग, थोट्या,” तो म्हणाला.

पंच मध्ये पडले होते, त्यांना त्यानंच बाजूला सारलं. पहिल्या झटक्यात त्यानं दादाला तोंडावर आपटलं आणि थोट्या हातावर गुडघा रोवला. जुनी कातडी पुन्हा फाटली. दादानं वळून कोपर त्याच्या गळ्यात घातला; त्याचे डोळे बाहेर आले, घशातून खरखर यायला लागली. दोघं एकमेकांच्या रक्तानं निसरडे झाले होते. माझ्या शेजारच्या बायका थांबवा, थांबवा म्हणत होत्या. मीही म्हणत होते बहुतेक. शेवटी त्यानं दादाला कमरेतून उचललं आणि असं आपटलं की ट्रॉलीपर्यंत धूळ आली.

हलगी थांबली. कुणी टाळी वाजवली नाही. त्या गड्यानं वाकून दादाला थोट्याच हाताला धरून उभं केलं.

परतताना मी माझी ओढणी फाडून त्या हातावर बांधली. रक्त थांबत नव्हतं. ‘थोट्या’ हा शब्द मी अजूनही माणसासाठी तोंडातून काढत नाही, आणि त्याच्याऐवजी कोणता वापरावा हेही मला कळत नाही. दादाला बोलताना त्रास होत होता, तरी त्यानं विचारलं.

“खरा चीत झालो ना?”

“होय,” मी म्हणाले. “दोन्ही खांदे टेकले.”

त्यानं डोळे मिटले. ओतूरच्या स्टँडसमोरचा फ्लेक्स मागे गेला तेव्हा तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता.