आप्पांच्या हौदातला सकर

गाईच्या तोंडात माझा हात कोपरापर्यंत होता आणि आप्पा शेजारी उभे राहून टेम्पोवाल्याशी फोनवर बोलत होते. उद्या सकाळी ये, हिला बाजार दाखवायचाय. बाजार दाखवायचा म्हणजे विकायची.

गाय पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली. न्हावऱ्यातल्या आप्पांच्या गोठ्यातली सगळ्यात देखणी. वासरू असताना आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्यामुळे त्या दिवशी काकी माझ्याशी बोलत होत्या आणि आप्पांशी अजिबात बोलत नव्हत्या. तक्रार एकच, गाय पाणी पीत नाही. पाणी नाही म्हणजे दूध नाही, आणि ऐन उन्हाळ्यात तर गायच हातची जायची. आजार काही हटेना, तर विकलेली बरी, असा आप्पांचा हिशेब.

मी शिरूर तालुक्यात जनावरांची प्रॅक्टिस करते. पाणी तोडलेल्या गाईची तपासणी ठरलेली असते. टेंपरेचर, जीभ, दात, घशात काही अडकलंय का, पोट हलतंय का. कांद्याच्या भागात गाई सुतळी, तार, काय वाट्टेल ते गिळतात. मी सगळं तपासलं. गाय ठणठणीत होती. डॉक्टरला यापेक्षा वाईट रिपोर्ट नसतो.

मग मी बादलीभर पाणी मागितलं. गाय त्यावर तुटून पडली. अर्ध्यावर मी बादली काढून घेतली, तहान राहू दे म्हणून.

"म्हंजी नाटकं करती ही," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, हौदावर न्या. बाकीच्या गाई तिथं आरामात पीत होत्या. आमची नायिका आली, तिनं मान खाली घातली, आणि तिच्या नाकासमोर पाण्यातून एक काळं, काटेरी, रुंद तोंडाचं धूड वर आलं, हवेचा एक घोट घेतला आणि फटकन शेपूट मारून खाली गेलं. गाय चारी पाय उचलून मागं सरली. मी शेणात बसले.

उठायच्या आधी मला हसू आलं ते थांबेचना. चार दिवसांच्या सलाईनचा विचार करत होते मी.

"आप्पा, हौदात काय आहे?"

"त्यो व्हय? त्यो आमचा सकर. शेवाळ खातो."

आप्पांचे जावई कारेगावात राहतात, कंपनीत कामाला. त्यांनी हा मासा बोटाएवढा असताना मत्स्यालयाच्या दुकानातून आणून हौदात सोडला. तेव्हापासून हौद कुणी घासला नव्हता. मासा वाढत गेला तशा जुन्या गाईंना त्याची सवय झाली. ही मात्र व्यायेपर्यंत पलीकडच्या शेडमध्ये होती. मला हे आधी का सांगितलं नाही, असं विचारलं तर आप्पा म्हणाले, "तुमी गाईचं इचारलं. माशाचं कुठं इचारलं?"

मासा मला फक्त ताटातला कळतो. दौंडला माझा एक बॅचमेट आहे, तो गाईगुरं सोडून माशांच्या नादी लागला. त्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, बाहेर काढ आणि पाठीवरच्या पराचे काटे मोज, जात कळेल. त्याचं पुढचं वाक्य होतं की जाळीत धरू नका. तोवर आप्पांनी कांद्याची जाळीदार गोणी हौदात फिरवून माशाला वर काढलेलंही होतं.

सकरच्या अंगावर खवले नसतात, हाडाची चिलखतं असतात, आणि परांच्या टोकाला टोचरे काटे. सगळं गोणीत गुंतलं. मी ऑपरेशनची कात्री काढली आणि एकेक धागा कापत बसले. काकी ओल्या पोत्यानं त्याला झाकून वर पाणी शिंपडत होत्या. मग त्यांनीच पर उलगडून धरला आणि पहिला जाड काटा सोडून मोठ्यांदा मोजलं. बारा भरले.

बॅचमेट खूश. सात-आठ असते तर याचा चुलता असता, नाकावर मिशांचा झुबका असता तर वीतभरच राहणारा भाऊ. बारा म्हणजे टेरिगोप्लिक्थिस, गाव दक्षिण अमेरिका, अजून वाढणार. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, मग हा वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. म्हणून उन्हाळ्यात जास्त उड्या.

"येवढ्या लांबनं येऊन शेवाळच खायचं?" आप्पांना वाईट वाटलं. "मग घोडनदीत सोडतो बिचाऱ्याला."

फोनमधून बॅचमेट असा ओरडला की मासाही दचकला. नदीत याला खाणारं कुणी नाही. हा काठ पोखरतो, कोळ्यांची जाळी फाडतो आणि एकदा शिरला की बाहेर निघत नाही. तेव्हा शेडमागचा जुना रिकामा हौद भरला. वर सावलीला पत्रा, लपायला पाइपचा तुकडा, खरवडायला लाकडाचा ओंडका. काकींनी लगेच दोडका चिरून टाकला.

आता गाय. तिला परत हौदावर आणलं. तिनं हुंगलं, पाण्यावर फुंकर मारली, मागं सरली. मग तिनं जीभ बुडवली. मग नाकपुड्यांपर्यंत तोंड घातलं आणि घटाघटा पीत राहिली, पाणी गळ्यातून उतरताना दिसत होतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण ती बिचकली असती.

काकी त्या दिवशी पहिल्यांदा आप्पांशी बोलल्या. "टेम्पोवाल्याला फोन लावा."

आप्पांनी लावला.

गाय दुधावर आली. हौद आता दर आठवड्याला हिरवा होतो आणि तो घासायचं काम काकींनी आप्पांकडे दिलंय. नवीन केस घेताना मी पूर्वी विचारायची, गोठ्यात जनावरं किती. आता विचारते, बिनपायाची धरून किती. लोक माझ्याकडे विचित्र बघतात, पण उत्तर देण्याआधी एकदा हौदात डोकावतात.