वजन उतरणं थांबेपर्यंत

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी शेवाळातून तेल काढत होते. डोळ्यांना सुटं दिसतही नाही असलं बारीक शेवाळ. ते बाटल्यांत वाढवायचं, वाळवायचं आणि पूड करून क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये घुसळायचं. तेल क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. तो थर आधी तोललेल्या वाटीत घ्यायचा, क्लोरोफॉर्म उडू द्यायचा आणि वाटी पुन्हा तोलायची. वाढलेलं वजन म्हणजे तेल.

माझं तेल भरपूर आलं. कधी कुणाला बरं न म्हणणारे आमचे सरही म्हणाले, "या आकड्यावर पीएचडीची जागा पक्की समज." कॅम्प-वन या कारखान्याच्या कामगारवस्तीतल्या घरी मी आले ती हवेतच.

बाबा प्लांटच्या कोळसा तपासायच्या लॅबमध्ये हेल्पर होते, नुकतेच रिटायर झालेले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "किती डाव तोललं?"

"एकडाव."

"एकडावच कावून? आमी कोळसा सुकवून, थंडा करून तोलत होतो. मंग वापस सुकवाचा, वापस तोलाचा. वजन उतरणं बंद होईपर्यंत."

"बाबा, थो कोळसा होता. हे रिसर्च होय."

ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी नाक मुरडतच वाटी पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली. थंड करून तोलली, तर वजन उतरलेलं. पुन्हा सुकवली, पुन्हा उतरलं. संध्याकाळी आकडा एकदाचा थांबला तेव्हा तेल निम्मंच उरलं होतं. बाकी सगळा तेलात अडकलेला क्लोरोफॉर्म मी तेल म्हणून मोजला होता. जुना आकडा तसाच ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. तसं मनात आलंच, खोटं कशाला सांगू? पण सरांना सांगून टाकलं. "जागेचं मग बघू," ते म्हणाले. त्या सुरावरूनच काय ते समजले.

घरी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांचंच खरं ठरलं म्हणून खूश होतील. पण त्यांचा चेहराच उतरला.

"मी इचारलंच नसतं तं तुले जागा भेटली असती."

मला रडू आवरेना. मी प्रयोगाची वही काढली, नव्या आकड्याखाली 'तपासणारा' असं लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"हेल्परची सही नाई चालत, बेटा. आमी तोलाचं, सही सायबाची."

"माह्या वहीत चालते."

त्यांनी हात लुंगीला पुसले आणि एकेक अक्षर जपून काढत आपलं पूर्ण नाव लिहिलं.