फाटक हॉटेलच्या माळ्यावरून आगगाड्या

मला आगगाड्या बघायला आवडतात. वय सत्तावन्न, धंदा शिवणक्लास, गुडघे दोन्ही बाजूंनी कुरकुरणारे, आणि आवड ही. यामागे काही कारण असेल, वडील रेल्वेत असतील, लहानपण स्टेशनाशेजारी गेलं असेल, असं लोकांना वाटतं. यातलं काही नाही. लांबलचक, जड, लोखंडी वस्तू वेगाने समोरून जाते आणि मला बरं वाटतं. बस.

पण हे घरी सांगून बघा! सून म्हणाली, "आई, मोबाईलवर दिसतात की, अगदी जवळून." आमचे हे म्हणाले, "बरोबर मूलबाळ नाही. दाखवायच्या कुणाला?" या वाक्याने माझं डोकं फिरलं. मोठ्या माणसाला गाडी बघायची असेल तर कडेवर पोर पाहिजे, नाहीतर तो वेडा, हे कुणी ठरवलं? क्लासमधल्या एका मुलीने मला नगर जिल्ह्यातल्या एका हॉटेलचा व्हिडिओ दाखवला होता. रुळाला लागून बाक, बाकावर चहा, गाडी जाताना कपातला चहा थरथरतो. त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं की रविवारी मी तिकडे जाणार. कुणी आलं तर ठीक, नाही आलं तर एसटीचा लाल डबा आहेच.

हे आले. अट एकच, वाटेत शिर्डीला दर्शन.

नाशिकहून सकाळी सहाला आमच्या कारने निघालो. सिन्नरच्या अलीकडे मिसळ खाल्ली, नव्वद रुपये प्लेट, रस्सा झणझणीत, पाव मात्र कालचा. सिन्नर ते शिर्डी रस्ता आता चांगला झाला आहे, पण जानेवारी असल्यामुळे उसाच्या जोडट्रॉल्या पुढे लागतात आणि मग त्यांच्या मागे मुकाट चालावं लागतं. शिर्डीत पावणेनऊला पोचलो तर रविवारची रांग थेट बाहेर. ह्यांनी रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही उभे राहा," मी म्हटलं, "मी रिक्षा करून पुढे जाते."

"एकटी?"

"गाड्या मला खाणार आहेत का?"

कळसाला हात जोडून आम्ही पुढे निघालो. ह्यांचा फुगा राहात्यापर्यंत टिकला. तिथे रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या मांडून बायका बसतात. एक किलो घेतले, तिखटमीठ लावून दिले, तेव्हा कुठे गाडीत बोलणं सुरू झालं. राहात्याहून पुणतांब्याकडे वळायचं आणि पुढे श्रीरामपूरच्या अंगाने जायचं. दोन्हीकडे ऊस, मध्येच ज्वारी, कणसं भरलेली. रूळ कधी उजवीकडे दिसतात, कधी शेतामागे गडप होतात. मोबाईलचा नकाशा शेवटच्या दोन किलोमीटरला दगा देतो, म्हणून एका मोटारसायकलवाल्याला विचारलं.

"फाटक हॉटेल? फाटक बंद झालं कवाच. हॉटेल हाय. पन आता तितं काय दिसत न्हाई बगा."

"म्हणजे?"

"भित्ताड आलंय मधी."

तो गेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

पोचलो तर खरंच भिंत. सिमेंटचे खांब, त्यांत बसवलेल्या सिमेंटच्या फळ्या, डोक्यापेक्षा उंच, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत. अलीकडे पत्र्याचं हॉटेल, 'फाटक हॉटेल' असा हाताने रंगवलेला बोर्ड, आणि बाहेर चार बाक, सगळे तोंड करून भिंतीकडे. व्हिडिओतले ते हेच बाक. मी बसले. समोर करडी भिंत. मला इतका राग आला की रडूच यायचं बाकी होतं. शंभरावर किलोमीटर भिंत बघायला आले होते मी!

तेवढ्यात आतून पंचेचाळीशीची बाई आली, पदर खोचलेला, हाताला बेसन. ह्या लताबाई, हॉटेलच्या मालकीण. आधी नमस्कार नाही, काय देऊ नाही.

"खाली बसनार का वर चढनार?"

तिने बोट केलं तिकडे बघितलं. हॉटेलच्या बाजूला, तिच्याच शेताच्या कडेला, चार जाड खांबांवर फळ्यांचा मंच उभा होता. वर उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली बाभळीची शिडी. ज्वारीचं कणीस भरलं की पाखरं राखायला रानात असा माळा घालतात. माळ्यावर बसून आरोळ्या द्यायच्या, गोफण फिरवायची. फक्त या माळ्याचं तोंड ज्वारीकडे नव्हतं, रुळाकडे होतं.

चहा सांगितला आणि मग लताबाईंनी कहाणी सांगितली. इथे पूर्वी फाटक होतं. फाटक लागलं की रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या, थांबलेला माणूस चहा प्यायचा, भजी खायचा. मग थोडं पुढे रुळाखालून रस्ता काढला, फाटक बंद झालं आणि गिऱ्हाईक सरळ बोगद्यातून जाऊ लागलं. नवरा साखर कारखान्यात, सीझनपुरता. हिने काय केलं, तर रस्त्याकडे तोंड असलेले बाक उचलले आणि रुळाकडे फिरवले. लोक गाड्या बघायला येऊ लागले. पोरंटोरं, कॉलेजची मुलं, एखादा व्हिडिओवाला.

"आन मग ही भित कुनी आनली ठावं हाय का? म्याच." ती हसली. "माझ्या दोन शेळ्या कापल्या रुळावर. गावात आनखी कुनाकुनाची गुरं. तर समद्यांनी अर्ज केला, भित पायजे. सही पयली माझी. मला काय ठावं, माज्याच हॉटेलाम्होरं आदी घालत्याल!"

"मग सांगायचं ना त्यांना, एवढा तुकडा सोडा म्हणून."

"आता कोन्या तोंडानं सांगू ताई? मागून घेतलीया. आन शेळ्यास्नी बरीच हाय की. भितीला मी नावं ठेवनार न्हाई. पन मी बी हलनार न्हाई."

हे ऐकून माझा मघाचा राग पार उतरला आणि दुसरा चढला. तो तिच्या दिरावरचा. दीर मोटारसायकलवरून तेवढ्यातच आला, पांढरे कपडे, खिशात दोन मोबाईल. हॉटेलची जमीन दोघा भावांची. त्याने हायवेला गाळा घेतला होता आणि त्याचं म्हणणं होतं की हॉटेल तिकडे न्यायचं. वाईट माणूस मुळीच नाही, आम्हाला आपणहून पाणी आणून दिलं. पण त्याने वहिनीला रविवारपर्यंतची मुदत दिली होती. माळ्यावर फॅमिली चढली तर हॉटेल इथेच. नाही चढली तर सोमवारी टेम्पो आणून सामान उचलायचं. तो रविवार म्हणजे आजचा.

"कॉलेजची पोरं चढत्याल वैनी, त्यांचं काय! बायामानसं, म्हाताऱ्या, साडीवाल्या, ह्या चढनार का शिडी? गिऱ्हाईक म्हंजे फॅमिली. माकडं न्हवं."

आणि हे बोलून त्याने साहजिकच माझ्याकडे बघितलं. साडी, चष्मा, पन्नाशी उलटलेली, गुडघ्यावर हात. त्याच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता.

मी चहाचा कप बाकावर ठेवला.

"अगं, गुडघा!" आमचे हे.

"गुडघा माझा आहे."

शिडी सात पायऱ्यांची. बाभळीच्या गाठी तळव्याला टोचतात, म्हणून चप्पल काढू नका. दुसऱ्या पायरीला साडी अडकली. लताबाई खालून म्हणाली, "पदर नगा बगू, निऱ्या उचला, काष्ट्यावानी खोचा." खोचल्या. चौथ्या पायरीला उजवा गुडघा बोलला, मी त्याला उलट बोलले. सहाव्या पायरीवर मला खरंच भीती वाटली, हे लपवत नाही, कारण खाली बघितलं आणि ह्यांचा चेहरा अगदी लहान दिसला. तरी वर गेले. फळीवर बसले आणि मोठ्याने हसत सुटले.

वरून काय दिसतं म्हणून विचारू नका! भिंत पायाखाली गेलेली. पलीकडे दोन्ही रूळ सरळ, खडी, वरच्या तारा, पलीकडचा ऊस, उसावर बगळे. चहा बादलीतून, दोरी ओढून वर घ्यायचा. निम्मा सांडतो, पैसे पूर्ण पंधरा. मागोमाग लताबाईही चढली, सरावाने, शिडीला हातही न लावता.

"ल्हानपनी मी आसंच माळ्यावर बसायची माहेरी," ती म्हणाली. "दिसभर वरडायचं. घसा बसायचा. आई म्हनायची, पोरीच्या जातीला एवढं वरडायला कुटं मिळतं, वरडून घे."

आधी तार थरथरली. मग लांबून दिवा. मालगाडी, पुढे दोन इंजिनं. खाली बाकावरून गाडी नुसती ऐकू आली असती, इथे इंजिनाची खिडकी आमच्या डोळ्यांच्या रेषेत आली. चालकाने हात केला आणि भोंगा दिला. माळा हलायला लागला. मी खांब धरला. मग डबे, डब्यांमागून डबे, लोखंडाचा, तेलाचा, तापलेल्या ब्रेकांचा वास, तोंडावर धूळ. आणि त्या खडखडाटात लताबाई एकाएकी ओरडायला लागली, पाखरं हाकलतात तसं, दोन्ही हात वर करून. काय ओरडत होती ते मला ऐकू येत नव्हतं. खाली दिरालाही नसणार.

मग मीही ओरडले. काय ओरडले ते इथे लिहायला हरकत नाही. "माझी मर्जी!" एवढंच, पुन्हा पुन्हा, गार्डाचा डबा जाईपर्यंत. तीस वर्षांत मी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. क्लासमध्ये मुलींना रागावते तेही हळू आवाजात.

गाडी गेल्यावर कानात शिट्टी वाजत होती. दीर खालून म्हणाला, "एक बाई चढली म्हंजे फॅमिली न्हाई झाली." पण त्याच्या शेजारी आमचे हे उभे होते आणि ते बूट काढत होते. मी वरून ओरडले, बूट राहू द्या, टोचतं. ते चढले. शिडीवर तीनदा थांबले, देवाचं नाव घेतलं, आणि वर आल्यावर पहिलं वाक्य बोलले, "पुढची किती वाजता आहे?"

दुपारपर्यंत आम्ही उतरलो नाही. तीन प्रवासी गाड्या, दोन मालगाड्या, आणि मध्ये बराच वेळ नुसता ऊस. कांदाभजी चाळीस रुपये प्लेट, गरम. पिठलं-भाकरी शंभर, भाकरी मागाल तेवढ्या. हुरडा हंगामात असतो, आम्हाला मिळाला, चटणीसकट. वर एका वेळी सहाच माणसं, हा लताबाईंचा नियम आहे आणि ती मोडू देत नाही. संडास हॉटेलमागे आहे, स्वच्छ आहे. भिंतीवर चढू नका, रुळावर उतरू नका, तिथे शेळ्यांचं काय झालं ते मघाशी वाचलंत. गाड्या वेळेवर येतील असं गृहीत धरून तर अजिबात जाऊ नका.

उतरताना गुडघ्याने चढतानाचं सगळं वसूल केलं. निघताना मी दिराला म्हटलं, "आम्ही दोघं चढलो. ही फॅमिली." तो हसला, मान डोलावली, हो म्हणाला नाही. येताना सिन्नरपर्यंत ह्यांनी मालगाडीच्या ब्रेकांवर माझ्याशी वाद घातला, आणि त्यातलं त्यांना काहीही कळत नाही.

घरी आले त्याला तीन दिवस झाले. गुडघ्याला शेक चालू आहे. सून विचारते, एवढं करून मिळालं काय? मी तिला सांगितलं की काही मिळालं पाहिजे असं नव्हतंच. पण खरं सांगायचं तर सोमवारभर माझं शिवणात लक्ष नव्हतं. एका झंपराला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. टेम्पो आला असेल का, हेच डोक्यात. शेवटी काल मीच फोन केला.

"आल्ता की टेम्पो," लताबाई म्हणाली. मागे भज्यांचं तेल चुरचुरत होतं. "बाक नेले. टेबलं नेली. बोर्ड काढून नेला. शेगडी बी नेली."

"मग आता?"

"मग काय! चूल मातीची हाय, ती कशी न्हेनार? आन माळ्याचं खांब हातभर खोल पुरल्यात, भावजींनी हलवून बगितलं, जागचं हलंनात. तुमी गेल्यावर सांजच्याला तीन बाया चढल्या, एकीची सासू बी. आज सकाळधरनं वर सहा जन हायती आन चार जन शिडीखाली वाट बगत्यात. थांबा ताई, गाडी आली."

फोन तिने ठेवला नाही. मी कानाला लावून उभी राहिले. आधी भोंगा, मग तो खडखडाट, आणि त्यात माळ्यावरच्या बायकांचं ओरडणं.

तेव्हा जायचं असेल तर जा. बोर्ड शोधू नका, बसायला बाक नाही. चढावं लागेल.