तीन तासांचं स्टिअरिंग

माझा मोठा भाऊ एकतीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात होता. पुठ्ठा नुसता चाचपून तो किती वजन पेलेल ते सांगायचा. कुणाकडे नवा टीव्ही आला की सगळे टीव्ही बघायचे आणि आमचा दादा रिकामं खोकं उलटंपालटं करत बसायचा. घरातली माणसं काय म्हणतात याकडे मात्र त्याचं कधी लक्ष नसायचं. वहिनी वेगळी झाली तेव्हा मला त्याची दया आली, पण नवल वाटलं नाही.

पोर आईबरोबर दुसऱ्या गावी गेली. सुट्टीत आठ दिवस बापाकडे यायचं ठरलं, तेही तिची इच्छा असेल तर. त्या आठ दिवसांवर दादाचं अख्खं वर्ष निघायचं.

ती दहा वर्षांची असताना तिने फोनवर एक वस्तू मागितली. दादाकडे तिच्यासाठी असलेल्या व्हिडिओ गेमचं स्टिअरिंग, तेही पुठ्ठ्याचं. पाकिटात सपाट तक्ते येतात, ते सुटे करून, घड्या घालून आपणच जोडायचे. मधे गेमचा रिमोट अडकवला की टीव्हीवरची गाडी वळते. दादा दुकानात गेला आणि किंमत बघून त्याचे डोळे पांढरे झाले. आठवड्याचा पगार घालायचा, तो कशात, तर पुठ्ठ्यात! आमच्याकडे रद्दीत जातो तो याहून बरा असतो, असं तो मला तीनतीनदा ऐकवत होता. मीही त्याच्या होला हो केलं. ते मला आजही खातं.

दुकानात नमुन्याला ठेवलेल्या स्टिअरिंगची मापं त्याने तिथेच पट्टीने घेतली. दुकानदार बघतच राहिला. मग चार दिवस पाळी संपल्यावर थांबून त्याने पाच पदरी पुठ्ठा कापला, दुमडला, चिकटवला, कडांना चिकटपट्टी मारली. पोर त्यावर उभी राहिली असती तरी ते चेपलं नसतं. रिमोट नेमका बसला, गाडीही वळली. गिऱ्हाइकाला बोट ठेवायला जागा उरता कामा नये, हे त्याच्या अंगात भिनलेलं.

पोर आली. तिने ते हातात फिरवून पाहिलं, छान झालंय म्हणाली. मग इकडेतिकडे बघत तिने विचारलं, काही जोडायचं राहिलंय का?

"एक घडीसुद्धा नाही. सगळं करून ठेवलंय," दादा ऐटीत म्हणाला.

"बाबा, ते आपण दोघांनी करायचं होतं."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असता. दोन दिवस ती एकटीच खेळली. दादा कामावर जायचा, म्हणून उरलेले सहा दिवस तिने माझ्यामागे आत्या, आत्या करत काढले. पुढच्या सुट्टीत तिचं शिबिर निघालं, मग क्लास, मग परीक्षा. बोलवायला गेलं की कारण तयार.

ती पहिल्यांदा आली नाही त्याच वर्षी दादाने ते महागाचं पाकीट आणलं. पूर्ण किमतीला, चकार शब्द न काढता. कपाटावर ठेवलं आणि दर सुट्टीआधी त्यावरची धूळ पुसत राहिला. गेमचं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं. कुणाच्या तरी मुलांना देऊन टाक, असं मी एकदा म्हटलं, तर महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

गेल्या महिन्यात पोर आली. आता बावीस वर्षांची आहे, नोकरी करते. ऑफिसच्या कामासाठी आमच्या गावात आली होती, परतीच्या गाडीआधी बापाकडे डोकावली. दादाने सकाळीच फरशी पुसून टेबल भिंतीला सरकवलं होतं आणि पाकीट खाली काढून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा ती निघून गेली होती. टेबलावर चहाचे दोन कप होते. पाकीट परत कपाटावर गेलं होतं, न फोडलेलं.

दाखवलंसुद्धा नाहीस का, असं मी जरा तोडूनच विचारलं. त्याने पाकीट खाली घेतलं, पालथं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"जोडायला तीन तास लागतात," तो म्हणाला. "तिच्याकडे दीडच होता."