पाठकोऱ्या कागदांचे काका

"मुंडी नोका हलवू जी, मले सांगून दाखवा," असं म्हणत आमचे शिपाईकाका समोरच्याच्या हातातला अर्ज काढून घ्यायचे.

वर्ध्याकडच्या एका सरकारी कचेरीत दाखले नुकतेच कॉम्प्युटरवर आले होते. मी ऑपरेटर, ते शिपाई. तुम्हीही अशा खिडकीशी उभे राहिला असाल. आतला भराभर वाचतो, बाहेरचा न समजताच हो म्हणतो. काकांना ते खपायचं नाही. पाठकोऱ्या कागदावर ते चित्रं काढायचे. रहिवासी दाखल्याला घर, उत्पन्नाच्या दाखल्याला कापसाचं बोंड. घराच्या दाराला कडीसुद्धा काढायचे आणि मी वैतागायचो.

"काका, रांग पाहा ना!"

"रांग कुठी पळून नाई राह्यली, बापू."

हे कसब त्यांना बहिणीमुळे आलं होतं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. हिंगणी गावातल्या घरात दोघंच राहायची.

मग काकांना लकवा मारला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेली. नव्या रेशन कार्डासाठी ते खिडकीशी आले, तेव्हा कुणीतरी भरून दिलेल्या अर्जात एकच नाव होतं, त्यांचं. डाव्या हाताने ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवत राहिले. मी अर्ज वाचला आणि विचारलं, "बरोबर ना?" त्यांनी मान हलवली. मी बटण दाबलं. मागे रांग होती.

बहिणीचं नाव राहून गेलं, हे मला कळलं ते काका गेल्यावर. रेशन दुकानातून तिला रिकाम्या पिशवीने परत पाठवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिच्या नावाचं कार्ड करून मी हिंगणीला गेलो. तिला वाचता येत नव्हतं, पण भावाच्या नावाचं वळण ती ओळखायची. तिने ओळीओळीवर बोट फिरवलं. मग आतून जुनं कार्ड आणलं, त्यातल्या काकांच्या नावावर बोट ठेवलं आणि नव्या कार्डावर ते कुठे आहे, असं डोळ्यांनीच विचारलं.

गेलेल्या माणसाचं नाव कापावं लागतं. हे मला तिला सांगता येईना.

तिने नवं कार्ड माझ्या हातात परत ठेवलं आणि जुनं पदराखाली घेऊन ती आत गेली.