गेटवर चढलेले आबा

लोखंडाला लावायच्या रेड ऑक्साइड रंगाचा डबा उघडला, की त्या उग्र वासासरशी मला चाकणच्या एका कंपनीचं भलंमोठं गेट आठवतं. तळवड्यातल्या आमच्या शेडमध्ये सासरे आयुष्यभर गेट बनवत आले. त्यांचा हात थरथरायला लागला आणि वेल्डिंग माझ्याकडे आलं. त्या गेटच्या बिजागऱ्या मी पहिल्यांदाच एकटीनं जोडल्या होत्या. भर उन्हात हायड्रा क्रेननं दोन्ही दारं उचलून खांबांना बसवली आणि सगळे बाजूला झाले, कारण आता आमच्या शेडची नेहमीची परीक्षा होती. दाराच्या मोकळ्या टोकाला, खालच्या पट्टीवर एका माणसाला उभं करायचं आणि दार फिरवायचं; बिजागरी कच्ची असेल, तर तिथंच कळतं. कंपनीचे साहेब म्हणाले, "वेल्डिंग बाईंनी मारलंय ना? मग माणूस नका चढवू, वाळूची पोती ठेवा." माझा चेहरा तापला. एरवी हेल्परला चढवणाऱ्या सासऱ्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि गज धरून ते स्वतःच पट्टीवर चढले. "आबा, उतरा, पडाल!" मी ओरडले. "न्हाई पडत. वेल्डिंग तुझं हाय," ते म्हणाले, "ढकल पोरी." मी ढकललं. दार जराही न कुरकुरता आबांना घेऊन पार भिंतीपर्यंत गेलं. तिथूनच ते साहेबांना म्हणाले, "आता ठेवा पोती, ठेवायची तर." आज शेड मी चालवते. नवं गेट बसलं, की चपला काढून पट्टीवर मीच चढते आणि ज्यानं वेल्डिंग मारलंय त्यालाच ढकलायला सांगते.