शाल, हार आणि शेजारणीची सही

मंत्र्यांच्या सत्काराची तयारी माझ्याकडे होती. शाल, चंदनाचा हार, डोक्यावर घालायचा म्हैसुरी पेटा, फळांची करंडी, फोटोग्राफर, आणि सगळ्यांत शेवटी निवेदनाच्या प्रती. प्रत्येक गोष्टीपुढे खूण करूनच मी घराबाहेर पडले. काही राहिलं नव्हतं, तरी रिक्षात बसल्यावर मी यादी पुन्हा वाचली.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत आमच्या यजमानांची वर्कशॉप होती. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि पुढे पत्र्याची पडवी. आजूबाजूला तशाच लहान वर्कशॉप आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून राहती घरं. सगळ्या वर्कशॉपवाल्यांची मिळून एक संघटना होती. मी एका कंपनीत ऑफिस सांभाळत असल्यामुळे आणि कागद कुठे ठेवला हे मला आठवत असल्यामुळे तिची चिटणिशी माझ्या गळ्यात पडली होती.

त्या वर्षी सरकारने एका नियमाचा मसुदा काढला. राहत्या वस्तीतल्या वर्कशॉप शहराबाहेर, येलहंक्याच्या पलीकडे नव्या शेडमध्ये हलवायच्या. मशीन हलवता आली असती. गिऱ्हाइकं कशी हलवणार? आमची गिऱ्हाइकं म्हणजे शेजारच्या गॅरेजमधले मेकॅनिक. तुटलेला शाफ्ट हातात धरून चालत यायचे आणि चहा पिऊन होईपर्यंत काम करून घ्यायचे. तेवढ्यासाठी येलहंक्याला कोण येणार होतं? नियम लागू झाला की आमची वर्कशॉप बंद, हे स्पष्ट होतं. यजमान पन्नाशीला आलेले. दुसरं काम त्यांना येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती.

संघटनेचे अध्यक्ष आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातले होते. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहून आमच्या मराठीत इतकी कन्नड मिसळली आहे की पुण्याचे पाहुणे हसतात. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. सरकारी काम कसं करायचं याविषयी अण्णांची एक पक्की पद्धत होती: आधी सन्मान, मग विषय. नवा वीज अधिकारी आला, शाल. नवा नगरसेवक निवडून आला, शाल आणि हार. ओळख झाली की आठवड्याभराने जायचं आणि हळूच काम सांगायचं. ही पद्धत वर्षानुवर्षं चालली होती, त्यामुळे ती चुकू शकते असं कुणाच्या मनात आलं नाही.

मी बैठकीत म्हटलं होतं की हरकती द्यायची मुदत जवळ आली आहे, निवेदन सत्काराच्या दिवशीच मंत्र्यांच्या हातात देऊ. अण्णांनी मान हलवली.

“सन्मानाच्या दिवशी मागणं काढायचं नाही, अक्का. पाहुण्याला जेवायला बोलवून पानावरच भाडं मागतो का आपण?”

सगळे हसले. बहुमत त्यांचं होतं.

सत्कार छान झाला. मंत्र्यांनी पेटा घातला, दोन शब्द बोलले, छोट्या उद्योजकांची मेहनत, शहराचं सौंदर्य वगैरे. निवेदनाच्या प्रती माझ्या पिशवीत होत्या आणि मी पिशवीचे बंद घट्ट धरून उभी होते. निघताना एक प्रत मी त्यांच्या स्वीय सहायकाकडे दिली. त्यांनी ती फळांच्या करंडीवर ठेवली आणि करंडी गाडीच्या डिकीत गेली.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. अण्णा शाल घालताहेत, मागे आम्ही सगळे हात जोडून उभे. खाली ओळ होती: नव्या धोरणाबद्दल लघुउद्योजकांकडून मंत्र्यांचं अभिनंदन.

यजमानांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पेपरची घडी घातली आणि वर्कशॉपला गेले.

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी विधानसौधामागच्या, सरकारी कचेऱ्यांच्या बहुमजली इमारतीत गेले. हा विषय बघणारे अंडर सेक्रेटरी सभ्य होते, बसायला सांगितलं. मी आमची हरकत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि काचेखाली ठेवलेलं पेपरचं कात्रण बोटाने दाखवलं.

“हरकत कशाला, मॅडम? तुम्हीच अभिनंदन केलंत ना?”

ते अभिनंदन नव्हतं म्हटलं तर मंत्र्यांचा अपमान. होतं म्हटलं तर आमची वर्कशॉप गेली. मी म्हटलं की सत्कार व्यक्तीचा होता, हरकत नियमाला आहे. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. मग त्यांनी मला साधी गोष्ट सांगितली. हा मसुदा रहिवाशांच्या तक्रारींवरून निघाला होता. वर्कशॉपवाले नको म्हणतात हे सरकारला आधीपासून माहीत होतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण ज्यांनी तक्रार केली त्यांचं म्हणणं बदललं, तर फाइलवर वेगळी टिपणी लिहिता येईल. मुदत मात्र वाढणार नव्हती.

आमच्या भागातून तक्रार कुणी केली होती हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला लागून एका निवृत्त शिक्षिकेचं घर होतं. सगळी गल्ली त्यांना टीचर म्हणायची. पूर्वी दुधाच्या बूथवर आम्ही रोज बोलायचो. वर्षभरापासून त्या माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

घरी येताना बसमध्ये मी वहीच्या कोपऱ्यात मुद्दे लिहायला घेतले आणि खोडले. मंत्र्यांपुढे काय बोलायचं हे मला सुचायचं. भिंतीपलीकडच्या बाईपुढे काय बोलायचं, हे काही केल्या जमेना.

संध्याकाळी रिकाम्या हाताने गेले. टीचर व्हरांड्यात बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

“शाल नाही आणलीत?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. “की ती मंत्र्यांनाच?”

मी उभ्यानेच सांगितलं की नियम आला तर आमची वर्कशॉप बंद होईल. त्या म्हणाल्या, बंद व्हावी म्हणूनच तर अर्ज केला. मग आवाज खाली आणून त्यांनी आत बोट दाखवलं. त्यांच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. दिवसभर कसंबसं जायचं, आणि रात्री डोळा लागतो न लागतो तोच भिंतीपलीकडे लेथ सुरू व्हायचा.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ऑपरेशनचं माहीत नव्हतं. मी म्हटलं, हौस म्हणून कुणी रात्री लेथ चालवत नाही. दिवसा लोडशेडिंग असतं. वीज रात्री येते, म्हणून काम रात्री होतं.

“मग दिवसा वीज द्या म्हणून कधी गेलात तुम्ही?”

आम्ही गेलो होतो, नव्या वीज अधिकाऱ्याला शाल घालायला. विजेच्या वेळेबद्दल संघटनेने एक ओळही लिहिली नव्हती. मी तसं कबूल केलं. तेव्हा त्यांनी पायाने बसायचा वेताचा मोढा पुढे सरकवला.

तिथे बसून आमचा सौदा ठरला. आमच्या लाइनवरचं लोडशेडिंग दुपारऐवजी संध्याकाळी घ्यायला सांगायचं. वर्कशॉप दिवसा चालतील आणि अंधार पडायच्या आत बंद होतील. त्याची किंमत मागच्या घरांना पडणार होती, कारण ऐन संध्याकाळी दिवे जाणार, टीव्ही जाणार, मुलांचा अभ्यास मेणबत्तीवर होणार. ते शेजाऱ्यांना समजावणं टीचरांकडे. वर्कशॉपवाल्यांना सात वाजता मशीन बंद करायला लावणं माझ्याकडे. दोन्ही गोष्टी जमल्या तर त्या सरकारला नवं पत्र देणार होत्या: योग्य वेळा पाळणाऱ्या लहान वर्कशॉपना आमची हरकत नाही.

“आधी आठवडाभर बघेन,” त्या म्हणाल्या. “सही नंतर.”

वीज कार्यालयात आम्ही दोघी मिळून गेलो. तिथल्या इंजिनिअरांकडे एक दिवस एखादा वर्कशॉपवाला एकटाच यायचा, एक दिवस रहिवासी, आणि ते दोघांना एकमेकांचं नाव सांगून परत पाठवायचे. आम्हाला एकत्र आलेलं पाहून त्यांना सांगायला कुणाचं नाव उरलं नाही. वेळ बदलून मिळाली. मंत्री, शाल, फोटो यांतलं काहीच लागलं नाही, फक्त दोन बायका आणि एक अर्ज.

संघटनेची बैठक त्याहून अवघड गेली. ज्यांनी आपल्याविरुद्ध अर्ज दिला त्यांच्या पाया पडायचं का, असं अण्णांनी विचारलं. प्रेस मशीनवाला म्हणाला, उद्या त्या म्हणतील दिवसाही हळू चालवा. मी एवढंच विचारलं, की मुदतीच्या आत दुसरं काही हातात आहे का. शेवटी अण्णा म्हणाले, सरी, ठीक आहे, करू या. सातला मशीन बंद.

तो आठवडा मी कानांनी काढला. स्वयंपाक करताना कान गल्लीकडे. ऑफिसातून येताना बसमधून उतरलं की पहिलं काम, थांबून ऐकायचं. कुठे घरघर आहे का? संध्याकाळी दिवे गेले की मला बरं वाटायचं, कारण वीज नाही तर मशीन नाही. सगळी गल्ली अंधारात चिडचिड करत असायची आणि मी सुखाने मेणबत्ती लावायचे.

आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी दिवे गेलेच नाहीत. का ते कुणाला कळलं नाही. सात वाजून गेले आणि मी डाळीला फोडणी देत असताना लेथचा आवाज आला. आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. तो आमचाच होता.

गॅस बंद करून मी चपला न घालता गेले. यजमान लेथवर वाकलेले, बाजूला एक मेकॅनिक उभा. सकाळी बाहेरगावी जाणाऱ्या गाडीचा पार्ट होता.

“स्वल्प थांब,” ते न बघता म्हणाले. “शेवटचा हात आहे.”

“शेवटचाच आहे,” मी म्हटलं आणि मेन स्विच खाली ओढला.

लेथ थांबायला थोडा वेळ लागतो. तो फिरत फिरत थांबेपर्यंत मी स्विचवरचा हात काढला नाही. मेकॅनिकने पार्ट कागदात गुंडाळला आणि सकाळी लवकर येतो म्हणून गेला. यजमान माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीचरांकडे गेले. पत्राची कच्ची प्रत पिशवीत होती, पण काढायचं धाडस होईना. त्यांनीच विषय काढला.

“काल लेथ ऐकला. तुमचाच ना?”

मी हो म्हटलं.

“बंद झाला तेही ऐकलं.” त्यांनी हात पुढे केला. “द्या कागद.”

त्यांनी पत्रातल्या माझ्या कन्नडच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि सहीसाठी निळं पेन घेतलं. मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी ते पत्र अंडर सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं. कात्रण अजून काचेखालीच होतं. त्यांनी पत्र वाचलं, टीचरांकडे बघितलं, आणि फाइल मागवली.

नियम आला, पण त्यात एक पोटकलम होतं. ठरलेल्या वेळेत चालणाऱ्या लहान वर्कशॉप वस्तीत राहू शकतील, मात्र लगतच्या घरांची लेखी संमती दर वर्षी सादर करावी लागेल. अण्णांनी पेढे वाटले. अंडर सेक्रेटरींचा सन्मान करायचा विषय त्यांनी काढला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय तिथेच संपला.

पेढा हातात घेऊन मी ‘दर वर्षी’ हे शब्द पुन्हा वाचत होते.

तेव्हापासून वर्षातून एकदा मी कागद घेऊन मागच्या व्हरांड्यात जाते. टीचर कॉफी देतात, यजमानांची तब्येत सांगतात, माझी विचारतात. कागद मोढ्यावर पडलेला असतो. सात वाजायला आले की त्या बोलायच्या थांबतात आणि भिंतीकडे कान करतात. मीही करते. एकेक मशीन बंद होत जातं, आणि आमचा लेथ थांबल्यावरच त्या निळं पेन उचलतात.